खाशाबांना हरवणारा तो जपानी
(बी. ए. भाग २)

माझ्या घराण्यात शिक्षणाची परंपरा नाही, तालमीची आहे. आजोबा, चुलते, वडील, सगळ्यांच्या अंगाला तांबडी माती लागलेली. महाविद्यालयाची पायरी चढणारा घरातला पहिला मुलगा मी. पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या देवळाला लागून तालीम आहे, आणि दहावीपर्यंत पहाटेचे जोर-बैठका व संध्याकाळची लढत मी कधी चुकवली नव्हती. या लेखात मी कै. खाशाबा जाधव यांच्याविषयी लिहिणार आहे. त्यांच्यावर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. त्यात एका विद्यार्थ्याने नवी भर काय घालणार, असे कोणी विचारील. भर काही नाही. पण खाशाबांपर्यंत मी ज्या वाटेने पोचलो ती वाट जपानमधून आली. त्या वाटेवर मला जे दिसले ते वाचकांपुढे मांडावे, एवढीच इच्छा आहे.

दहावीत असताना एका शालेय स्पर्धेत मी पहिल्यांदा गादीवर उतरलो. तोपर्यंत लढलो ते मातीत. मातीत पाय रोवता येतो, दम खाता येतो, समोरच्याची चूक होईपर्यंत वाट पाहता येते. पाठ टेकल्याशिवाय निकाल लागत नाही. गादीवर घड्याळ असते. माझा जोडीदार वाऱ्यासारखा आत शिरायचा, पाय धरायचा, गुण घ्यायचा आणि सुटायचा. मी त्याला ढाकेवर घेण्याची संधी शोधत राहिलो आणि वेळ संपली. सोबत आलेले शिक्षक तेव्हा चहाला गेले होते, त्यामुळे कोपऱ्यातून दोन शब्द सांगणारेही कोणी नव्हते. घरी आल्यावर आजोबांना हे समजावून सांगता येईना. पाठ टेकली नाही तर पोरगं हरलं कसं, हा त्यांचा साधा प्रश्न होता. माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. त्यानंतर तालमीतले माझे लक्ष उडाले.

कुस्ती लढणे सुटले, पण पाहणे सुटेना. चुलतभावाच्या मोबाइलवर जुन्या कुस्त्या पाहता पाहता मला जपानी व्यावसायिक कुस्तीचा नाद लागला. दोरांनी बांधलेला चौथरा, भोवती शिस्तीत बसलेले हजारो प्रेक्षक, आणि आत रिकिदोझान, अँटोनियो इनोकी असे मल्ल. रिकिदोझान मूळचा कोरियातला. सुमो सोडून तो या कुस्तीत आला. १९५३ साली त्याने जपानमध्ये व्यावसायिक कुस्तीची संघटना उभी केली. १९५४ च्या फेब्रुवारीत शार्प बंधू या धिप्पाड परदेशी जोडीशी त्याची लढत झाली, तेव्हा रस्तोरस्ती लावलेल्या टेलिव्हिजन संचांपुढे माणसांची झुंबड उडाली होती. युद्धात हरलेल्या देशाला गोऱ्या मल्लांना पुरून उरणारा माणूस पाहायला मिळत होता. १९६३ च्या डिसेंबरात चाकूच्या वाराचे निमित्त होऊन तो ऐन उमेदीत वारला.

इनोकी हा त्याचा शिष्य. १९७६ च्या जूनमध्ये तो टोकिओत मुष्टियोद्धा मुहम्मद अलीशी लढला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला जाऊन अक्रम पैलवानाशी. अक्रमच्या हाताला त्याने असा पीळ घातला की कुस्ती तिथेच थांबवावी लागली. हा अक्रम म्हणजे गामाचा पुतण्या, इमामबक्षचा मुलगा. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या आपल्या खासबाग मैदानाचे १९१२ साली उद्घाटन झाले ते याच इमामबक्षच्या आणि गुलाम मोहिद्दीनच्या कुस्तीने. हे धागे जुळलेले पाहून मला कोण आनंद झाला! मी धावत वस्तादांकडे गेलो.

वस्तादांनी सगळे ऐकून घेतले आणि ही नुरा कुस्ती आहे, आधी ठरवून खेळायची, असे म्हणून ते बाजूला सारले. जाता जाता मात्र त्यांनी मला एक काम लावून दिले. जपान्यांची खरी कुस्ती बघायची असेल तर हेलसिंकीत खाशाबांना ज्याने हरवले तो जपानी कोण, हे शोधून काढ, असे ते म्हणाले. त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. तालमीत आणखी दहा जणांना विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. खाशाबांचे ब्राँझपदक आम्हा सर्वांना तोंडपाठ होते, पण त्याच गटातले सुवर्णपदक कोणी नेले हे आमच्यापैकी एकालाही सांगता येत नव्हते.

मग मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसू लागलो. माझ्या आवडत्या जपानी मल्लांपैकी जंबो त्सुरुता हा १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये लढून मग व्यावसायिक झाला होता, हे मला तिथे कळले. म्हणजे त्या झगमगाटाच्या मागे विद्यापीठांतली गादीवरची कुस्ती होती. त्या कुस्तीचे मूळ शोधत गेलो तेव्हा इचिरो हाता हे नाव सापडले, आणि हातांच्या मागोमाग मला हवा होता तो माणूस सापडला. त्याचे नाव शोहाची इशी. पण त्याच्याकडे येण्याआधी खाशाबांची हकीकत सांगितली पाहिजे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्तीचे बाळकडू घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटला होता. शाळकरी वयाच्या खाशाबांनी भूमिगतांना आसरा देणे, पत्रके पोचवणे अशी कामे केली. पुढे ते शिकण्यासाठी कोल्हापुरात आले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले.

अंगाने ते काही दांडगे नव्हते. उंची बेताची, साडेपाच फुटांच्या आतबाहेर. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांचे नाव घ्यायला क्रीडाशिक्षक तयार होईनात, कारण हा मुलगा काय लढणार असे त्यांना वाटले. खाशाबा सरळ प्राचार्य खर्डीकरांकडे गेले आणि त्यांची परवानगी घेऊन आखाड्यात उतरले. मग त्यांनी आपल्याहून थोराड मुलांना एकामागून एक पाडले. प्राचार्य आणि विद्यार्थी यांच्यातले एक नाते तिथून सुरू झाले. ते पुढे कुठवर गेले हे आपण पाहणारच आहोत.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक झाले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च उचलला आणि खाशाबा लंडनला गेले. गादीवर त्यांनी पाय ठेवला तो तिथेच, पहिल्यांदा. जन्मभर मातीत लढलेल्या मुलाला आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकाने काही दिवसांत जे शिकवता येईल ते शिकवले. तेवढ्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून हार झाल्यावर ते फ्लायवेट गटात सहाव्या क्रमांकावर राहिले. माझी शाळेतली कुस्ती आठवून मी हा मजकूर दोनदा वाचला. गादीवर पहिल्यांदा उतरल्यावर काय होते ते मला माहीत आहे. खाशाबा पहिल्यांदा उतरले आणि जगात सहावे आले.

परत आल्यावर त्यांनी पुढच्या चार वर्षांवर नजर ठेवली. वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेट गटात ते गेले. पण हेलसिंकीची वाट सोपी नव्हती. निवडीच्या वेळी मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून कमी गुण दिले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली, खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला पाडले आणि त्यांची निवड झाली.

आता प्रश्न पैशाचा होता. निवड झाली म्हणून कोणी तिकीट हातात देत नव्हते. खाशाबा आणि त्यांच्या घरचे लोक दारोदार फिरले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. तरी रक्कम पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डीकरांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७००० रुपये उभे केले.

वाचकहो, या ठिकाणी मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. दिवाळीला दूध संस्थेकडून मिळणारे म्हशीच्या दुधाचे फरकबिल माझ्या घरी दोन वर्षे माझ्या फीमध्ये गेले आहे. शिकणाऱ्या मुलामागे घर कसे उभे राहते ते मी पाहिले आहे. पण ते माझे घर आहे. रक्ताचे नाते नसलेल्या एका विद्यार्थ्यासाठी, आणि तेही परीक्षेसाठी नव्हे तर कुस्तीसाठी, एका प्राचार्यांनी छप्पर पणाला लावले. त्या काळी ७००० रुपये म्हणजे काय, हे प्राध्यापक मंडळी माझ्यापेक्षा अधिक जाणतील.

आता तो जपानी. शोहाची इशीचा जन्मही १९२६ चाच. तो मूळचा ज्युदो खेळणारा. युद्धानंतर जपानवर अमेरिकन फौजांचा अंमल आला आणि शाळा-कॉलेजांतल्या ज्युदोवर बंदी आली. तेव्हा इशी कुस्तीकडे वळला. वळायला त्याच्यासमोर कुस्ती तयार होती, कारण ती इचिरो हातांनी आधीच रुजवली होती. हाता हेही ज्युदोचेच. १९२९ साली ते आपल्या विद्यापीठाचा संघ घेऊन अमेरिकेला गेले आणि तिथल्या गादीवरच्या मल्लांपुढे त्यांचे काही चालले नाही. ते रागावून परतले नाहीत, शिकून परतले. १९३१ साली वासेदा विद्यापीठात त्यांनी कुस्तीचे मंडळ काढले. पुढे इतर विद्यापीठांत ती कुस्ती पसरली.

आपण गरीब होतो म्हणून मागे पडलो, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पण १९५२ चा जपान श्रीमंत नव्हता. त्याची शहरे जळाली होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्याला बोलावणेही नव्हते. परकी अंमल उठून त्याला पुन्हा स्वातंत्र्य मिळाले ते २८ एप्रिल १९५२ रोजी, म्हणजे हेलसिंकीच्या जेमतेम तीन महिने आधी. आपण तोवर पाच वर्षे स्वतंत्र होतो. फरक होता तो एवढाच, की इशीच्या मागे वीस वर्षे जमलेली एक व्यवस्था होती आणि खाशाबांच्या मागे एक गाव आणि एक प्राचार्य.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांच्या मल्लांना हरवले. मग समोर इशी आला. कुस्ती पंधरा मिनिटे चालली. इशीला खाशाबांना चीत करता आले नाही. निकाल गुणांवर लागला आणि तो जपानच्या बाजूने गेला. त्या कुस्तीचा घाम वाळला नसेल तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव्हबरोबर लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांत निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. इशीला सुवर्ण, मामादबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना ब्राँझ मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२ चा. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इशीचे पदक हे जपानचे युद्धानंतरचे पहिले सुवर्ण, आणि हेलसिंकीतले एकमेव. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. एका करवीरनगरीचे दोन मल्ल जगातल्या पहिल्या चारांत होते, आणि तरी त्यांच्या कोपऱ्यात कोणी उभे नव्हते.

खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनवर शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांच्या मिरवणुकीसाठी जमल्या होत्या. एरवी पाव तासाची वाट, पण गावी पोचायला सात तास लागले. हे सगळीकडे लिहिलेले असते. मला त्याच्या नंतरची गोष्ट अधिक मोलाची वाटते. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या घेतल्या, त्या जिंकल्या, आणि त्यातून आलेली रक्कम पहिल्यांदा खर्डीकरांच्या हातात ठेवली, त्यांचे घर सुटावे म्हणून. देशासाठी पदक आणणाऱ्या माणसाला स्वतःच्या प्रवासाचे कर्ज आखाड्यात उतरून फेडावे लागले. याची लाज वाटावी की अभिमान, हे मला अजून ठरवता आलेले नाही. देशाकडे पाहिले तर लाज वाटते, त्या गुरुशिष्यांकडे पाहिले तर अभिमान.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे मेलबर्नचे ऑलिंपिक हुकले. खात्यातल्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, मुलांना शिकवले, आणि सुमारे सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर असिस्टंट कमिशनर म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. शिवछत्रपती पुरस्कार आणि अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांच्या नावे आले, पण ते गेल्यानंतर. २०१० साली दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले गेले. गोळेश्वरला कुस्ती अकादमी होईल असे आश्वासन मिळाले होते. ते पाळले गेले नाही म्हणून २०१७ साली घरच्यांनी ते ब्राँझपदक लिलावात काढण्याची तयारी दाखवली होती. गोळेश्वरच्या त्या घराचे नाव ऑलिंपिक निवास आहे.

इकडे जपानमध्ये काय झाले? १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये जपानने कुस्तीत पाच सुवर्णपदके मिळवली. आपल्याला खाशाबांनंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. ते लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ साली, छप्पन्न वर्षांनी आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत ब्राँझ मिळवले, तेव्हा महाराष्ट्राच्या वैयक्तिक पदकाची बहात्तर वर्षांची प्रतीक्षा संपली. त्याच पॅरिसमध्ये ५७ किलो गटात अमन सेहरावतला जपानच्या रेई हिगुचीने हरवले. हिगुचीला सुवर्ण मिळाले, अमनला ब्राँझ. तोच गट, तोच देश वर, तोच देश खाली. पण अमनच्या कोपऱ्यात त्याचे मार्गदर्शक बसले होते. बहात्तर वर्षांत एवढे तरी बदलले.

मी गावी गेलो तेव्हा वस्तादांना शोहाची इशी हे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतले आणि तालमीतल्या पोरांना बोलावून त्यांनाही ऐकवले. हातांची हकीकत ऐकून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी आयुष्यभर गादीला नावे ठेवली आहेत. शेवटी, हरल्यावर शिकायला जाणारा माणूस मोठाच म्हणायचा, असे ते म्हणाले.

रात्री आजोबांना मी हेलसिंकीची कुस्ती सांगितली. खाशाबांची पाठ टेकली नव्हती तरी ते हरले, हे ऐकून ते उठून बसले. पंधरा मिनिटे, घड्याळ, गुण, सगळे त्यांनी नीट विचारून घेतले. मग माझ्या दहावीतल्या त्या कुस्तीबद्दलही त्यांनी विचारले, आणि या वेळी मला ती समजावून सांगता आली.

आमच्या तालमीत अजून गादी नाही. लहान पोरे मातीतच शिकतात. मातीतच शिकावे, तिथे दम आणि धीर येतो. पण खाशाबांना जे लंडनला गेल्यावर पहिल्यांदा दिसले ते या पोरांना गावातच दिसावे, असे मला वाटते. जुनी का होईना, एक गादी विकत घेण्यासाठी मी वर्गणीची वही केली आहे. वस्तादांची परवानगी मिळाली आहे. वहीत पहिले नाव आजोबांचे आहे, ५१ रुपये.